सड्यावरच्या घराला ऑफ-ग्रिड सोलर: साडेचार लाखांचं कोटेशन बरोबर आहे का?

सडेकर · ९ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमची कलमांची बाग आहे आणि बागेत चिऱ्याचं तीन खोल्यांचं घर. दिवाळीनंतर आईबाबा मुंबई सोडून तिथंच राहायला गेलेत. वीज नाही. सगळ्यात जवळचा खांब खालच्या वाडीत, नऊशे मीटरवर, आणि मध्ये दोन भावक्यांची जमीन. कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायला नको.

म्हणून ऑफ-ग्रिड सोलर, म्हणजे विजेच्या लाइनला (ग्रिडला) न जोडता नुसत्या पॅनल आणि बॅटरीवर. मी बसून लोडची यादी केली:

एलईडी दिवे ५, प्रत्येकी ९ वॉट, ५ तास = २२५
पंखे ३, प्रत्येकी ७५ वॉट, १२ तास = २७००
फ्रिज १९० लिटर, १५० वॉट, २४ तास = ३६००
टीव्ही ५० वॉट, ४ तास = २००
मिक्सर ५०० वॉट, पाव तास = १२५
विहिरीवरचा पंप १ एचपी, १ तास = ११००
वायफाय राउटर १० वॉट, २४ तास = २४०
फोन वगैरे = ५०

एकूण ८२४० वॉट-तास, म्हणजे दिवसाला सव्वाआठ युनिट. ही यादी एका डीलरला दिली. त्याने ५ किलोवॉट पॅनल, ५ केव्हीए इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ८ बॅटऱ्या असं साडेचार लाखांचं कोटेशन पाठवलं. फसवतोय का?

---

कोथरूडकर२ · ९ मार्च, रात्री १०:४०

ऑफ-ग्रिडच्या भानगडीत पडूच नका. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी आहे. आम्ही मागच्या वर्षी बसवलं, बिल जवळजवळ शून्य. बॅटरी नाही, कटकट नाही.

---

निवृत्त_फेज · ९ मार्च, रात्री ११:०५

कोथरूडकर, मूळ पोस्ट वाचलीत का? त्यांच्याकडे ग्रिडच नाही. सूर्यघरची सबसिडी ग्रिडला जोडलेल्या छतासाठी आहे. आणि तुमचा तो इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो, भर दुपारी ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घरातून करंट जाऊ नये म्हणून तसं मुद्दाम केलेलं असतं.

सडेकर, डीलर फसवत नाहीये. तुम्ही सव्वाआठ युनिट सांगितले, त्याने सव्वाआठ युनिटचं दिलं. चूक यादीत आहे.

फ्रिज २४ तास १५० वॉट ओढत नाही. कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. फ्रिजच्या दारावर स्टारचं लेबल असतं, त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. त्याला ३६५ ने भागा आणि इथं सांगा.

---

कोथरूडकर२ · ९ मार्च, रात्री ११:२०

लाइन गेली की बंद पडतं हे आम्हाला बसवल्यावरच कळलं, तेही सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनकडून. असो. वाचतोय.

---

सडेकर · १० मार्च, सकाळी ८:१५

आईकडून लेबलचा फोटो मागवला. १८४ लिहिलंय. म्हणजे दिवसाला अर्धा युनिट?? मी ३.६ धरला होता!

---

जांभूळपाणी · १० मार्च, दुपारी १:३०

अर्धा धरू नका हो. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला. तिथं कोणी गरम आमटीचं पातेलं आत ठेवत नाही. मी चंदगड तालुक्यात सहा वर्षं ऑफ-ग्रिड राहते. माझ्याही फ्रिजचं लेबल तुमच्याइतकंच आहे आणि मीटर लावून मोजलं तर मे महिन्यात पाऊण युनिटच्या वर जातो. ०.८ धरा.

पंखे बदला. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पूर्ण वेगाला तीसेक वॉट घेतो, मधल्या वेगाला त्याच्या निम्मं. तीन पंख्यांना जास्तीचे जे काही हजार जातील ते बॅटरीत वाचतात. तुमचे २७०० सरळ १०८० वर येतात.

आता तुमच्या यादीत नसलेली गोष्ट. इन्व्हर्टर स्वतः किती खातो? माझा पहिला ५ केव्हीएचा होता. घरातलं सगळं बंद करून क्लॅम्प मीटर लावला तर ६० वॉट. ६० गुणिले २४, म्हणजे जवळजवळ दीड युनिट, नुसता जागा राहण्याचा पगार. माझ्या फ्रिजपेक्षा जास्त! पहिल्या पावसाळ्यात बॅटरी रोज पहाटे का झोपते हे मला दोन महिने कळत नव्हतं. आता ३ केव्हीए आहे, तो ३० वॉट घेतो.

डेटाशीटमध्ये 'नो-लोड' खप लिहिलेला असतो. डीलर सांगणार नाही, तुम्ही विचारा.

---

निवृत्त_फेज · १० मार्च, रात्री ९:००

जांभूळपाणी यांनी फार मोलाचं सांगितलं. इन्व्हर्टरची क्षमता आणि घराचा रोजचा खप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ठरते एका वेळी काय काय चालेल यावर, दुसरीने बॅटरी आणि पॅनल ठरतात. लोक मोठा इन्व्हर्टर 'असू दे' म्हणून घेतात आणि तो रात्रभर त्यांचंच खातो.

पण मला तुमचा पंप खटकतोय. एक एचपी, रोज एक तास. विहीर किती खोल? टाकी किती उंच?

---

सडेकर · १० मार्च, रात्री ९:२५

पाणी साधारण आठ-नऊ मीटरवर, टाकी घराच्या मागे चौथऱ्यावर. सगळं मिळून पंधरा मीटर धरा.

---

निवृत्त_फेज · १० मार्च, रात्री १०:१०

मग हे बघा. हजार लिटर पाणी पंधरा मीटर वर चढवायला लागणारी निव्वळ ऊर्जा: १००० किलो × ९.८१ × १५ = साधारण १ लाख ४७ हजार ज्यूल. ३६०० ने भागा, ४१ वॉट-तास. छोट्या घरगुती पंपाची एकूण कार्यक्षमता ३० टक्के धरली तरी १४० वॉट-तासांत हजार लिटर वर येतात.

तुमचे ११०० वॉट-तास म्हणजे जवळपास आठ हजार लिटर. दोन माणसांना?

---

सडेकर · ११ मार्च, सकाळी ७:५०

बाबांना फोन केला. सध्या पंप जनरेटरवर चालतो. एक तास का, तर "जनरेटर चालू केलाय तर चालू दे". टाकी हजार लिटरची आहे, काही मिनिटांत भरते आणि मग वाहते. ते पाणी पाटाने सुपारीला आणि नवीन लावलेल्या वीस कलमांना जातं, म्हणून बाबांना ते वाया गेलेलं वाटतच नाही. शिंपणं तसंही लागतंच, म्हणतात.

---

वेंगुर्ल्याचो · ११ मार्च, सकाळी ९:०२

बाबांचा बरोबर आसा. पण शिंपण्याक आठ हजार लिटर नको. वीस कलमांक एक दिवस आड तीन हजार पुरे.

प्रमाण मराठीत सांगायचं तर: शिंपणं पावसाळा सोडूनच असतं, आणि तेव्हा ऊन मुबलक असतं. पंप सकाळी दहा ते दुपारी दोनमध्ये चालवायचा, वीज थेट पॅनलमधून जाते, बॅटरीला हात लागत नाही. पाणी टाकीत साठवणं बॅटरीत वीज साठवण्यापेक्षा किती तरी स्वस्त. आणखी एक हजाराची टाकी घ्या, अर्ध्या एचपीचा पंप लावा आणि टाकीला फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा) बसवा.

पंप सुरू होताना चालू करंटच्या तिप्पट-चौपट ओढतो हेही लक्षात ठेवा. ३ केव्हीए इन्व्हर्टरवर एक एचपी उचलला जाईल की नाही यावर वाद घालण्यापेक्षा अर्धा एचपी बरा. आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत वीज देणारा. स्क्वेअर वेव्हवर पंप आणि फ्रिज दोन्ही गुणगुणतात आणि तापतात.

---

सडेकर · ११ मार्च, रात्री ११:३०

सगळ्यांचं ऐकून नवा हिशोब:

दिवे २२५, पंखे १०८०, फ्रिज ८००, टीव्ही २००, मिक्सर १२५, राउटर २४०, फोन ५०. बेरीज २७२०.
इन्व्हर्टरचा स्वतःचा ३० × २४ = ७२०.
रूपांतरातली तूट दहा टक्क्यांनी, २७०.
पंप (दिवसा, शिंपण्यासकट) ५००.

४२१० वॉट-तास. सव्वाआठाचे सव्वाचार झाले आणि घरातली एकही वस्तू कमी केली नाही. उन्हाचे पाच तास धरतात ना? म्हणजे एक किलोवॉट पॅनल पुरेल?

---

जांभूळपाणी · १२ मार्च, सकाळी ११:४५

इथंच सगळे घसरतात. पाच तास म्हणजे वर्षाची सरासरी. सरासरीवर फ्रिज चालत नाही, त्या दिवशीच्या उन्हावर चालतो.

माझ्या वहीतले आकडे देते, दर १ किलोवॉट पॅनलमागे: फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज चार ते साडेचार युनिट (बॅटरी भरली की कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा भाग, पॅनलला दाबून धरतो, त्यामुळे उन्हाळ्यातला आकडा खरा त्याहून थोडा जास्त असणार). जुलैची सरासरी दोन. आणि झड लागली, की दिवसाला अर्धा-पाऊण युनिट. तीन दिवस, चार दिवस, सलग.

म्हणून घर जुलैसाठी मोजायचं, मार्चसाठी नाही. एक बरं आहे, जुलैत पंखे फारसे लागत नाहीत आणि शिंपणं बंद असतं. तुमचा जुलैचा खप तीन युनिटच्या आसपास येईल. दोनने भागा, दीड किलोवॉट झाले. त्यावर झडीतून सावरायला पॅनल हवंच. ढग फाटले की एका दिवसात बॅटरी भरली पाहिजे. ५४० वॉटची चार पॅनल घ्या. आता पॅनल हीच सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, तिथं कंजुषी नको.

---

बॅटरीवाला_मिरज · १२ मार्च, दुपारी ४:२०

पंचवीस वर्षं बॅटऱ्या विकतोय, माझंबी ऐका.

त्या कोटेशनात १५० एएच लिहिलंय ते सी-१० हाय का सी-२०, ते विचारा. सी-२० म्हणजे वीस तासांत हळूहळू काढली तर १५०. तीच दहा तासांत काढली तर १५० भरत न्हाई. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी सी-२० असत्या, सोलरला सी-१० घ्यायची. दिसायला सारख्याच, आन् गिऱ्हाईक लेबल वाचत न्हाई.

दुसरं, लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची न्हाई. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हंजे १८०० वॉट-तास, त्यातलं तुमचं ९००. रोज पार तळाला नेली तर दीड-दोन वर्षांत माझ्याच दुकानात परत येशीला. मला आनंदच हाय, पण तुमचं बघा.

लिथियम (एलएफपी) ५१.२ व्होल्ट १०० एएच म्हंजे ५.१२ युनिट, त्यातलं ८०-९० टक्के बिनधास्त वापरा. तेवढंच काम लेड-ॲसिडवर करायचं तर १५० च्या चार-पाच लागतील.

मग लिथियमच घ्यावं का? आईवडील सत्तरीचे. दर दोन-तीन महिन्यांनी चोवीस बुचं उघडून डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार? त्यात ॲसिडचे डाग, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, खोली हवेशीर लागत्या. एवढ्यावर मी माझ्या धंद्याविरुद्ध सांगतो, लिथियम घ्या. फक्त एक: लेड-ॲसिड गेली तर तालुक्याच्या गावात दुसरी मिळंल आन् जुनीचं भंगाराचं पैसंबी येतील. लिथियमचं बीएमएस (आतलं बॅटरी सांभाळणारं सर्किट) गेलं तर पेटी कंपनीला पाठवावी लागत्या. तेव्हा वॉरंटी कोण, कुठून, किती दिवसांत देणार हे कागदावर घ्या.

---

सडेकर · १२ मार्च, रात्री १०:००

चोवीस बुचं ऐकूनच आईने निर्णय दिला. लिथियम.

जोडणीबद्दल विचारायचं होतं. पॅनल छपरावर लावू का? मंगळुरी कौलं आहेत. आणि कोन किती?

---

निवृत्त_फेज · १३ मार्च, सकाळी १०:३०

कौलांवर चढूच नका. एक कौल सरकलं की गळती सुरू. सडा आहे ना, जमिनीवर स्टँड करा. मात्र कलमांची सावली सकाळी नऊ ते चारमध्ये पडता कामा नये. एका पॅनलच्या कोपऱ्यावरची सावली मालिकेत, म्हणजे एकापुढे एक, जोडलेल्या बाकीच्यांनाही मागे खेचते.

कोनाबद्दल एक गंमत. शून्य सावलीचा दिवस तुम्हाला माहीत असेल. राजापूर साडेसोळा अंशांच्या जरा वर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी डोक्यावर येतो, नंतर उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत डोक्यावर येतो. म्हणजे ज्या जुलैसाठी आपण एवढी मोजणी केली, त्या जुलैत दुपारचा सूर्य तुमच्या उत्तरेला असतो! दक्षिणेकडे तोंड करून जास्त उतार दिला तर हिवाळ्यात फायदा, पावसाळ्यात तोटा. दहा-बारा अंश पुरे. दहाच्या खाली नको, धूळ आणि पानं वाहून जात नाहीत.

जोडणी: ५४० वॉटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) पन्नासच्या आसपास असतं. चार मालिकेत म्हणजे दोनशे. इन्व्हर्टरमधल्या एमपीपीटीची (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या कंट्रोलरची) मर्यादा बघा. ४५० व्होल्टवाला असेल तर चारही मालिकेत, १४५ वाला असेल तर दोन-दोन. ही चूक झाली तर पहिल्याच सकाळी कंट्रोलर जळतो. पीडब्ल्यूएम, म्हणजे साधा जुन्या पद्धतीचा, कंट्रोलर कोणी गळ्यात मारू लागला तर नको म्हणा, या पॅनलवर बरीच वीज वाया जाईल.

आणि ४८ व्होल्टचीच सिस्टीम. ३००० वॉटला १२ व्होल्टवर अडीचशे अँपिअर लागतात. ती केबल हातात धरवणार नाही.

---

वेंगुर्ल्याचो · १३ मार्च, दुपारी १२:१५

स्टँडबद्दल जरा थांबा. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे वीज कित्येक दिवस नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने आमच्या बाजूला कलमं मुळासकट पाडली. चार पॅनल म्हणजे दहा चौरस मीटरचं शीड. कातळात भोकं मारून बोल्ट काँक्रीटमध्ये बसवा, नुसते चिरे ठेवून भागणार नाही. पाइप हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, नट-बोल्ट स्टेनलेस. खाऱ्या वाऱ्यात साधा बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून एकजीव होतो.

आणि अर्थिंग. सुका कातळ करंट घेत नाही. विहिरीजवळ माती आणि ओल असेल तिथं खड्डा घ्या. मेअखेरच्या विजा सड्यावर उघड्याच पडतात, एसपीडी (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) पॅनलच्या आणि घराच्या, दोन्ही बाजूंना लावा.

स्टँड नारळाखाली नको. हसू नका, माझं एक पॅनल त्यातच गेलं.

---

सडेकर · २ मे, रात्री ९:४५

बसवलं. ५४० ची चार पॅनल, ३ केव्हीए, एक लिथियम पेटी, स्टँड आणि अर्थिंगसकट २ लाख ४० हजार. पंखे आणि अर्ध्या एचपीचा पंप वेगळे. आईने पहिल्याच दिवशी मिक्सरवर दोन किलो ओलं खोबरं वाटलं.

दुपारी बारालाच बॅटरी शंभर टक्के होते. मला तर वाटतंय पॅनल जास्तच झालं.

---

जांभूळपाणी · ३ मे, सकाळी ८:००

जुलैत भेटू.

---

सडेकर · २१ जुलै, रात्री ११:१०

भेटलो.

चार दिवस झड. पहिल्या दिवशी १.४ युनिट आले, दुसऱ्या दिवशी १.१. तिसऱ्या रात्री साडेनऊला बॅटरी १९ टक्के. मी मुंबईत मोबाइलवर तो आकडा बघत बसलो होतो, एखाद्याचा ताप बघावा तसा. आईला फोन केला तर तिने फ्रिज संध्याकाळीच बंद केलेला. "दूध तापवून ठेवलंय, मासे पावसात मिळतच नाहीत, आत आहे काय?" चौथ्या दिवशी बाबांनी जुना जनरेटर दोन तास लावून पेटी निम्म्यापर्यंत आणली. पाचव्या दिवशी दोन तास ऊन पडलं आणि दुपारी ७० टक्के.

दुसरी पेटी घ्यावी का?

---

निवृत्त_फेज · २२ जुलै, सकाळी ९:३०

वर्षातल्या पाच-सहा दिवसांसाठी लाखभर? जनरेटर आहे, पेट्रोल आहे. नको. राउटर मात्र रात्री बंद करा, तेवढी वीजही तुमच्या जुलैत पुष्कळ होते.

---

सडेकर · २२ जुलै, रात्री ८:२०

राउटर बंद केला तर मला टक्केवारी कशी दिसणार?

---

जांभूळपाणी · २२ जुलै, रात्री ८:४०

दिसली नाही तर झोप लागेल. दोघं तिथं आहेत, त्यांना डिस्प्ले वाचता येतो.

एक विसरले होते. इन्व्हर्टरच्या झरोक्यांना जाळी मारली का? पावसाळ्यात पाली उबेला आत शिरतात आणि बोर्डावर आडव्या होतात. माझा एक बोर्ड असाच गेला.

---

सडेकर · २३ जुलै, सकाळी ७:३५

विचारलं. बाबांनी मे महिन्यातच मारलीय म्हणे. जुन्या मच्छरदाणीची, दुहेरी घडी करून.

---

बॅटरीवाला_मिरज · २३ जुलै, सकाळी ७:५८

आताच्या आता काढायला सांगा. हवाच जाणार न्हाई. तारेची मोठ्या भोकाची लावा, पाल अडंल एवढी.